अंगठा आणि दोरी

आज बोलायचंय मुलींच्या दोरीच्या मल्लखांबावर, पण आधी थोडं ऑलिम्पिकमधल्या घोड्याबद्दल. जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्ट म्हणून प्रकार असतो. धावत यायचं, फळीवर उसळी घ्यायची, पूर्वी चामड्याने मढवलेल्या घोड्यावर हात टेकायचे आणि हवेत कोलांटी घेऊन पलीकडे उतरायचं. १९५२ साली हेलसिंकीत बायकांना या प्रकाराचं वेगळं पदक पहिल्यांदा मिळालं. गंमत अशी, की घोडा तोच, पण पुरुषांसाठी तो लांबीत ठेवायचे आणि बायकांसाठी आडवा. म्हणजे बायकांना कमी अंतर ओलांडायचं. ही सवलत होती, आणि ती कुणी मागितली होती असं मला वाटत नाही.

आपल्याकडेही तसंच झालं. पुरुषांना लाकडी खांब, मुलींना दोरी.

मल्लखांबाची कुळकथा तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगते. सुमारे २०० वर्षांपूर्वी, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभट्टदादा देवधर होते. निजामाकडून आलेल्या दोन पैलवानांशी लढायचं म्हणून ते वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले आणि तिथे त्यांना ही विद्या सुचली, असं सांगतात. पुढे ती पेशव्यांबरोबर ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, गेली. तिथे लहानग्या मनकर्णिकेनेही मल्लखांब केला म्हणतात. ही मनकर्णिका म्हणजे झाशीची राणी, आपल्या लांज्याजवळच्या कोटच्या नेवाळकरांची सून! रत्नागिरीकरांनी एवढा हक्क सांगायला हरकत नाही.

आता दोरीकडे येते. पूर्वी वेताचा मल्लखांब असे, तसा वेत मिळेनासा झाला आणि सुती दोरी आली. बोटभर जाडीची, साधारण साडेपाच मीटर लांब. वरचं टोक आकड्याला, खालचं टोक मोकळं. हे मोकळं टोक ध्यानात ठेवा, कारण सगळी करामत त्यातच आहे.

मुलगी वर चढते ती हातांनी नव्हे. म्हणजे हात असतातच, पण खरी पकड पायाच्या अंगठ्याची. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची, गुडघे पोटाशी घ्यायचे, बेचक्यातली दोरी घट्ट करायची आणि मग हात वर सरकवायचे. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. दोरी काचते, साल निघते, पोर रडकुंडीला येते. दोन-चार आठवड्यांत तिथली कातडी निबर होते आणि मग अंगठा चिमट्यासारखा चालू लागतो. मी साडी नेसणारी, निवृत्तीला आलेली बाई, पण माझ्या बेचक्यातला घट्टा अजून तसाच आहे. चप्पल घेताना दुकानदाराला पट्टा सैल करायला सांगावं लागतं.

वर गेल्यावर दोरी मांडीला, कमरेला, कधी खांद्यावरून वेढायची, आणि मग दोन्ही हात सोडून पद्मासन घालायचं. जमिनीपासून माणूसभर, कधी त्याहून उंच! सांभाळतं कोण? गाठ? नाही. पुन्हा सांगते, आत्ताच रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी: दोरीला गाठ मारायची नाही. वेढे एकमेकांवर असे बसतात की तुमच्याच वजनाने ते आवळले जातात. उतरताना खालचं टोक सोडवत आणलं की वेढा उलगडतो आणि दोरी पुन्हा सरळ. एक वेढा उलटा पडला तर मुलगी अडकते किंवा निसटते. म्हणून चांगला शिक्षक चढणं शिकवण्याआधी उतरणं शिकवतो.

मुलींना दोरीच का दिली? माझा आपला अंदाज. पुरलेल्या खांबाला एरंडेल लावलेलं, लंगोट लावून त्याला अंगाने भिडायचं. त्या काळच्या घरांना मुलींच्या बाबतीत ते रुचणारं नव्हतं. दोरी त्या मानाने सोज्वळ वाटली असावी. पण दोरी सोपी असते असं समजणाऱ्याने एकदा लटकून पाहावं. खांब स्थिर तरी असतो. दोरी हलते, गिरकी घेते, तुमच्याकडून झालेली चूक लगेच परत करते. आता मुली खांबावरही उतरतात, बरं का. आणि मल्लखांबातला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो हिमानी परबला, २०२१ साली.

तिकडे घोड्याच्या बाबतीतही बायका-पुरुष हा भेद असाच कमी झाला. सिडनीच्या ऑलिम्पिकमध्ये, २००० साली, बायकांचा घोडा चुकून ५ सेंटीमीटर खाली लागला होता. स्पर्धा चालू असताना मुली धडाधड पडत होत्या, तेव्हा एका ऑस्ट्रेलियन मुलीने ते ओळखलं. पुढच्याच वर्षी घोडा जाऊन रुंद टेबल आलं, बायकांना आणि पुरुषांना एकाच घडणीचं. फक्त उंची वेगळी, १२५ आणि १३५ सेंटीमीटर. त्याच टेबलावरून आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने २०१६ साली रिओत प्रोदुनोव्हा, म्हणजे दुहेरी कोलांटीची जीवघेणी उडी मारली. कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं.

खूण झालीय, वेळ संपत आलीय. तरी एक सांगतेच. हल्ली संमेलनात दोरीवर मुली झरझर एकामागून एक आसनं दाखवतात. टाळ्या पडतात, पण उतरणं मात्र धसमुसळं होतं. वेढा सोडवतानाचा तो सावकाश, मोजका हात हल्ली फार थोड्या मुलींत दिसतो, आणि परीक्षकांनी त्याकडे जरा जास्त पाहावं असं मला वाटतं.

शाळेत दोरी लावायची असेल तर सुतीच आणा. नायलॉनची स्वस्त पडते, पण अंगावरून सरकली की भाजते. खाली जाड गादी हवी. आणि जाणता शिक्षक समोर नसेल तर पोरींना कंबरेच्या वर चढू देऊ नका.