जुना नळ, नवा वायू आणि जुनाच व्यवहार?



अल्जीरियातील हासी र'मेल येथून निघालेली वायुवाहिनी ट्युनिशिया ओलांडून भूमध्य समुद्राच्या तळावरून सिसिलीला पोहोचते. 1983 पासून ती इटलीला नैसर्गिक वायू पुरवीत आली आहे. याच मार्गाने उद्या हायड्रोजन न्यावा, असा बेत आहे. 21 जानेवारी 2025 रोजी रोम येथे अल्जीरिया, ट्युनिशिया, इटली, ऑस्ट्रिया व जर्मनी यांनी तशा संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. या मार्गाचा मोठा भाग जुन्या वाहिन्यांच्या रूपांतरातून उभा राहावयाचा आहे.

रूपांतर शक्य आहे, पण सोपे नाही. हायड्रोजन पोलादात शिरून त्यास ठिसूळ करू शकतो; म्हणून नळ, सांधे व झडपा तपासाव्या लागतात. सारख्याच दाबाखाली तेवढ्याच घनफळात त्याची ऊर्जा नैसर्गिक वायूच्या जेमतेम एक-तृतीयांश असते. त्यामुळे कॉम्प्रेसरही बदलावे लागतात. तरीही नवी वाहिनी टाकण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते. जर्मनीने ऑक्टोबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या 9,040 किलोमीटरच्या जाळ्यात सुमारे 60 टक्के भाग जुन्याच वाहिन्यांचा आहे. तेथे धोक्याची वाटणीही आधीच ठरली आहे : 2055 पर्यंत खर्च भरून न निघाल्यास उरलेल्या तुटीचा मोठा वाटा सरकार उचलील.

नळाच्या दुसऱ्या टोकाला असे संरक्षण कोणास आहे? ट्युनिशियाची बहुतेक वीज आजही नैसर्गिक वायूवरच निर्माण होते. 2023 च्या दुष्काळात तेथे रात्रीचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. त्याच देशाने 2050 पर्यंत वर्षाला सुमारे 60 लाख टन हायड्रोजन निर्यात करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. एक किलो हायड्रोजनसाठी निव्वळ रासायनिक प्रक्रियेतच नऊ लिटर पाणी लागते. म्हणजे 60 लाख टनांसाठी 5 कोटी 40 लाख टन. समुद्राचे पाणी गोडे करता येईल. पण त्यालाही वीज लागेल आणि उरलेले अतिखारट पाणी मच्छीमारांच्याच किनाऱ्यावर सुटेल.

म्हणून ट्युनिशियाने नकार द्यावा काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. नळ ओस पडला, तर वायूच्या वाहतुकीपोटी मिळणारा मोबदलाही जाईल. प्रश्न अटींचा आहे. नव्या सौर व पवन विजेचा पहिला हक्क स्थानिक घरांचा व कारखान्यांचा असावा. गोड्या पाण्याचा ठरलेला हिस्सा गावांना मिळावा. हायड्रोजनपासून होणारी खते तेथेच बनावीत. आणि मागणी घटल्यास तोटा खरेदीदारानेही सोसावा. या अटी करारात नसतील, तर कच्चा माल देणारा व पक्का माल घेणारा, ही वसाहतकाळातील विभागणी हरित रंगात तशीच चालू राहील.

भारताच्या जानेवारी 2023 मधील राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेतही निर्यातीचा संकल्प आहे. तेव्हा ट्युनिशियाचा प्रश्न परका नाही. नळ बदलणे हे अभियंत्यांचे काम. त्यातून कोणाच्या वाट्याला काय यावे, हे ठरविणे लोकांचे काम आहे.