लेखणी, कळफलक आणि वादाची मर्यादा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर अथवा नाट्यसंगीतावर बोलावे, अशी रीत आहे. आम्ही मात्र आज वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या एका विषयाला हात घालणार आहोत. मराठी अक्षरे यंत्रावर कोणत्या पद्धतीने उमटवावीत, आणि त्याविषयी मतभेद झाल्यास एकमेकांशी कसे बोलावे, हा तो विषय होय. विषय किरकोळ म्हणावा, तर अनुभव निराळा आहे. वर्षाचे अंदाजपत्रक पाच मिनिटांत संमत करणारी मंडळी कळफलकाचा प्रश्न निघाला की चहा निवेपर्यंत भांडतात.

अशा भांडणाचे स्वरूप सर्वांच्या परिचयाचे आहे. एखादी मुलगी विचारते, "मोबाइलवर ळ कसा उमटवायचा?" प्रश्न एवढाच. त्यावर एक जण सांगतो, की रोमन कळांवरून मराठी लिहिणे हीच मुळात चूक आहे. दुसरे गृहस्थ टंकलेखनाच्या परीक्षेतील आपला वेग ऐकवितात. तिसऱ्यांच्या मते हातात लेखणी धरल्यावाचून भाषा येतच नाही. ळ बिचारा बाजूलाच राहतो. महाराष्ट्रात अशा मुलीला दहा ठिकाणी उत्तर मिळेल. येथे, बंगाली मुलखात, तिला मराठी लिहिण्याचे प्रसंगच मोजके. त्यांतील एक अशा रीतीने गेला, की पुढचा निरोप ती इंग्रजीत लिहिते. प्रश्न साधनाचा असला, तरी पणाला लागलेली असते ती भाषा.

साधनाविषयीचा हा वाद आजचा नव्हे. येथून जवळच, हुगळीच्या काठी, श्रीरामपूर आहे. तेथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 साली छापले गेले आणि 1810 साली त्यांचा मराठी कोश निघाला. त्या कोशातील मराठी शब्द मोडीच्या टंकांत छापलेले आहेत. त्या काळी मराठी माणसाच्या नित्य व्यवहाराची लिपी मोडी होती. ओळीची शिरोरेषा आधी ओढून घ्यावी आणि लेखणी फारशी न उचलता भराभर लिहीत जावे, ही तिची रीत. या वेगाची किंमतही तिने मोजली. इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ ती वेगळे दाखवीत नसे. आज रोमन लिपीतील मराठीवर "यात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही" असा आक्षेप घेतला जातो. तो रास्तच आहे. परंतु आपल्या पणजोबांची जमाखर्चाची वही हाच दोष पोटात घेऊन उत्तम चालली होती, हेही स्मरणात ठेवावे. पुढे छपाई आणि शाळा यांमुळे बाळबोध सर्वत्र रूढ झाली आणि मोडी मागे पडली. साधन बदलले, भाषा टिकली.

दुसरे उदाहरण लिपिसुधारणेचे. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे टाकून अ या अक्षरालाच वेलांट्या आणि उकार जोडावेत, म्हणजे छापखान्याचे खिळे कमी होतील, असा विचार एके काळी जोराने मांडला गेला. स्वातंत्र्यवीर सावरकर त्याचे पुरस्कर्ते होते, आणि साताऱ्यात जन्मलेले गांधीवादी काका कालेलकर हेही होते. राजकारणात ज्यांची तोंडे दोन दिशांना, त्यांचे अ च्या बाराखडीविषयी एकमत होते. साधनाविषयीच्या मतावरून माणसाची निष्ठा, जात किंवा पक्ष ओळखता येत नाही, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता आजच्या कळफलकाकडे वळू. मराठीसाठी मुख्यतः तीन वाटा दिसतात. पहिली जुन्या टंकलेखनयंत्राची, म्हणजे रेमिंग्टन पद्धती. तीत अक्षर जसे दिसते तसे उमटवितात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क मागाहून. दुसरी इन्स्क्रिप्ट. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती 1986 साली प्रमाण ठरविली आणि 1991 साली तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. तीत डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, आणि उच्चाराच्या क्रमाने लेखन. तिसरी वाट रोमन कळांची. इंग्रजी स्पेलिंगच्या धर्तीवर कळा दाबाव्यात आणि पडद्यावर देवनागरी उमटावी, अशी तिची योजना आहे.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. रोमन कळांवरून देवनागरी उमटविणे वेगळे आणि मराठीच रोमन अक्षरांत लिहिणे वेगळे. पहिल्यात 'काल' आणि 'काळ' ही वाचकापुढे दोन शब्द म्हणून येतात. दुसऱ्यात बहुधा दोहोंचे एकच रूप होते. पहिल्याला दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा देऊ नये.

या तिन्हींत श्रेष्ठ कोणती? ज्याने तीस वर्षे कचेरीत टंकलेखन केले, त्याची बोटे रेमिंग्टनखेरीज काही ऐकणार नाहीत. जी मुलगी इंग्रजी शाळेत शिकली, तिला रोमन कळा सोप्या. ज्याने प्रारंभच इन्स्क्रिप्टने केला, त्याला इतर दोन्ही विचित्र. इंग्रजीतही हेच घडले. शोल्स यांच्या यंत्राबरोबर 1870 च्या दशकात आलेली अक्षरांची मांडणी आजही चालू आहे. ऑगस्ट ड्वोरॅक यांनी 1936 साली अधिक सोयीची म्हणून वेगळ्या मांडणीचे पेटंट घेतले, तरी शिकलेले हात जुन्या मांडणीलाच चिकटून राहिले. अशा बाबतींत मत पुष्कळदा बोटांत जन्मते आणि कारणे मागाहून डोक्यात येतात. हे एकदा उमगले की आवाज आपोआप खाली येतो.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष खोडीत बसणे ही वितंडा. कळफलकाचा विषय बहुधा जल्पात सुरू होतो आणि वितंडेत संपतो. तो वादाच्या पातळीवर राहावा म्हणून काही मर्यादा आम्ही आपणांसमोर ठेवतो.

पहिली मर्यादा ही, की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे. "इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ल ची कळ दाबली की ळ उमटतो, रोमन कळांच्या बऱ्याच पद्धतींत एल हे मोठे अक्षर दाबावे." एवढे सांगून झाल्यावर हवे तर आपले मत मांडावे. तहानलेल्यास आधी पाणी द्यावे. विहीर कोठे खणावी याचे व्याख्यान नंतर.

दुसरी मर्यादा ही, की मत देताना आपले काम आणि आपली सवय सांगावी. "आम्ही रोज दहा पाने मजकूर तयार करतो, म्हणून आम्हांस ही पद्धती सोयीची वाटते," असे म्हटले की ऐकणाऱ्याला आपली गरज ताडून पाहता येते. "हीच उत्तम" या दोन शब्दांतून त्याला काहीच मिळत नाही.

तिसरी मर्यादा अशी, की यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारू नये. निमंत्रणपत्रिकेत ल आणि श हिंदी वळणाचे दिसले, की लिहिणाऱ्याला "तुम्ही आता हिंदीच झालात" असा टोमणा ऐकावा लागतो. मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण असल्याचे महाराष्ट्र शासनाने 2009 सालच्या निर्णयात स्पष्ट केले, हे खरे. परंतु युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ल चा संकेतांक एकच आहे. कोणते वळण दिसेल, हे फाँट ठरवितो. लिहिणाऱ्याने शुद्ध मराठीच लिहिलेले असते. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान 2008 साली मिळाले. तोवर लोक जोडजुळणी करून काम भागवीत. तेव्हा आधी विचारावे, मग बोलावे.

चौथी मर्यादा जुन्या शास्त्रार्थातील आहे. खंडनापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा, की प्रतिपक्षानेच "हो, माझे म्हणणे हेच" असे म्हणावे. वयाने मोठ्यांनी हे पथ्य विशेष पाळावे. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देऊ नये असा संस्कार आहे. म्हणून मोठ्यांचा टोमणा धाकट्यांना परत करता येत नाही. ते बोलत नाहीत, पुन्हा येत नाहीत, एवढेच. धाकट्यांनीही ध्यानी घ्यावे, की ज्येष्ठांना एकच गोष्ट तिसऱ्यांदा दाखवावी लागली, तर त्यात उपकार नाही. त्यांनी आपल्याला बाराखडी तीनदाच नव्हे, तीनशेदा गिरवून दिली आहे.

इतके सांगून स्वतःचे मत झाकून ठेवणे बरे नव्हे. आमच्या मते येथील मुलांना इन्स्क्रिप्ट शिकवावी. कारण मराठीच्या अभिमानाचे नाही, या शहराचे आहे. त्या पद्धतीत मराठी क जेथे, तेथेच बंगाली क, कन्नड क, गुजराती क. एकदा हात बसला की आईची भाषा आणि शेजाऱ्याची भाषा दोन्ही त्याच बोटांनी लिहिता येतात. यावर प्रतिपक्ष म्हणेल, की तिचा प्रारंभ अवघड आहे, मोबाइलच्या लहान पडद्यावर दोन हातांच्या विभागणीचा लाभ होत नाही, आणि इंग्रजी कळा मुलांना आधीच ठाऊक असतात. हे तिन्ही आक्षेप खरे आहेत, आणि ते मान्य करूनही आमचे मत कायम राहते. उद्या कोणी रोमन कळांवरून मंडळाचा अहवाल लिहून आणला, तर आम्ही अहवाल वाचू. कळा मोजणार नाही.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आजचे कळफलकही मोडीच्या वाटेने जातील. बोललेले शब्द लिहून देणारी यंत्रे आलीच आहेत. त्या काळीही कोणीतरी एखादे अक्षर कसे उमटवायचे म्हणून विचारील. त्याला मराठीत, आणि मायेने, उत्तर देणारे माणूस या सभागृहात असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.