पडदा थांबवणारा शिक्षक
(रेवदंडा येथील शिक्षक संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



‘वर्गातला चित्रपट आणि डिजिटल माध्यमं’ हा विषय संयोजकांनी ठरवला आणि तो रेवदंड्यात ठेवला, याचा मला अधिक आनंद झाला. या विषयावर जे काही बोलायचं आहे, त्याचा पुरावा याच किनाऱ्यावर आहे.

१४६९च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी होर्मुझहून गलबतात बसून इथल्या शेजारच्या चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा जवळजवळ तीस वर्षं अवकाश होता. निकितीनजवळ विकायला एक घोडा होता. चौलहून पालीमार्गे तो जुन्नरला गेला. तिथला अधिकारी असद खान यानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणून सांगितलं. एका खुरासानी सरदाराच्या रदबदलीनं घोडा सुटला. निकितीन पुढे बिदरला गेला आणि परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच वारला. मागे राहिली ती त्याची टिपणं. त्याच्या नावाचा स्मारकस्तंभ इथल्या शाळेच्या आवारात आहे. तुमच्यापैकी अनेकांनी त्याच्या सावलीत डबा खाल्ला असेल.

याच निकितीनवर १९५७ साली चित्रपट निघाला, ‘परदेसी’. ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन हे दोन दिग्दर्शक. अब्बासांची नया संसार आणि मॉस्कोची मॉसफिल्म या दोन निर्मात्या संस्था. ओलेग स्त्रिझेनोव्ह निकितीन झाला. सोबत नर्गिस, बलराज साहनी, पद्मिनी, पृथ्वीराज कपूर. हिंदी आणि रशियन अशा दोन्ही भाषांत तो तयार झाला. आपल्या गावच्या इतिहासावर एवढ्या मोठ्या नटांचा चित्रपट उपलब्ध असावा, हे भाग्य फार थोड्या शाळांच्या वाट्याला येतं.

आता हा चित्रपट वर्गात कसा दाखवायचा? सर्रास चालणारी पद्धत आपल्याला ठाऊक आहे. शनिवारी शेवटच्या तासांना खिडक्यांना चादरी लावायच्या, चारही वर्गांची मुलं एका खोलीत कोंबायची, चित्रपट सुरू करायचा आणि आपण मागे बसून निकालपत्रकं पूर्ण करायची. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश. ‘दृक्श्राव्य साधनांचा वापर’ या रकान्यात बरोबरची खूण. शिक्षण मात्र झालं नाही.

मी सुचवतो ती पद्धत वेगळी आहे. पूर्ण चित्रपट नको. दहा मिनिटांचा एक तुकडा निवडा. आधी निकितीनच्या टिपणांतली हकीकत मुलांना सोप्या भाषेत सांगा. मग तुकडा दाखवा, आणि मध्येच थांबवा. फळ्यावर तीन रकाने आखा: टिपणात काय आहे, चित्रपटात काय आहे, गावात काय आहे. नर्गिसची चंपा चित्रपटात आहे. टिपणांत तिचा पत्ता नाही. मग ती आली कुठून? सातवीतली मुलगीसुद्धा सांगेल, ‘सर, पिक्चर चालायला हिरॉइन लागते.’ बरोबर. पण तिथे थांबू नका. चित्रपट १९५७चाच का? १९५५मध्ये ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येऊन गेले होते, दोन्ही देशांना मैत्री वाढवायची होती, आणि त्या मैत्रीला जुना पूर्वज हवा होता. पंधराव्या शतकावरचा चित्रपट विसाव्या शतकाबद्दलही बोलतो, हे मुलांच्या लक्षात आलं की इतिहासाचा एक मोठा धडा शिकवून झाला.

तिसऱ्या रकान्यासाठी मुलांना बाहेर काढा, रेवदंड्याच्या आगरकोट किल्ल्यात न्या. सातखणी मनोऱ्यासमोर उभं राहून कुणीतरी म्हणेलच की निकितीननं हा पाहिला असेल. नाही पाहिला. हे पोर्तुगीज बांधकाम पुढच्या शतकापासूनचं. १७४०मध्ये ते मराठ्यांच्या ताब्यात आलं. म्हणजे चित्रपट फसवतो तसं ठिकाणही फसवतं. दोन्ही तपासून पाहावी लागतात. माझ्या आजच्या भाषणाचं सूत्र एवढंच आहे: पडद्यावरचं चित्र जिथे थांबवून प्रश्न विचारला जातो, तिथेच ते शिकवतं. आणि थांबवण्याचं काम शिक्षकाचं आहे, यंत्राचं नाही.

मित्रहो, ही माध्यमं आपल्याकडे अलीकडे आली असा एक समज आहे. तो दुरुस्त करू. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी एक छोटी फीत केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, वेल वाढली. ‘अंकुराची वाढ’ हे तिचं नाव. भारतीय चित्रपटाच्या जनकाचा पहिला प्रयोग हा वनस्पतिशास्त्राचा पाठ होता. डोळ्यांना जे दिसू शकत नाही ते कॅमेरा दाखवतो, ही त्याची शैक्षणिक ताकद फाळक्यांनी पहिल्याच फटक्यात ओळखली.

सरकारलाही ती पुढे ओळखता आली. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी राज्याची स्वतःची संस्था. दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम पाहत आपल्यातले कित्येक जण वाढले. निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७मध्ये ती बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी करोना आला, शाळांना कुलूप लागलं, आणि मुलांना टीव्हीवरून शिकवायचं कसं हा प्रश्न राज्यापुढे उभा राहिला. तेहतीस वर्षं जपलेलं घर विकावं आणि पुढच्याच पावसाळ्यात भाड्याची खोली शोधत फिरावं, तसं ते झालं.

त्या जूनमध्ये आपल्यावर दुहेरी संकट होतं. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांमधल्या नारळी-पोफळी झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. राज्यभर ‘ऑनलाइन शाळा’ हा शब्द गाजत होता तेव्हा आपल्याकडे मोबाइल चार्ज करायला जनरेटर शोधावा लागत होता. तेव्हा जे टिकलं त्याची नोंद घेतली पाहिजे. जुलैत ‘सह्याद्री’ वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं केलेली, पहिली ते आठवीसाठी. तिला इंटरनेट लागत नव्हतं. घरातल्या वस्तू घेऊन, घरातल्या माणसांबरोबर करायच्या कृती तिच्यात होत्या. वीज परत आलेल्या घरात जुना टीव्ही असला तरी भागत होतं. साधन जितकं साधं तितकं ते दूरवर पोचतं, हा त्या वर्षाचा धडा आहे.

नव्या तंत्राची उलट बाजूही आहे आणि ती अभिमानाची आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येई, धड्यावरची फीत दिसे. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापून येऊ लागले, आणि २०२०मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. या गोष्टीत सगळे रकमेकडे पाहतात. मी कोडच्या जागेकडे पाहतो. तो पुस्तकाच्या पानावर होता. मूल आधी पुस्तक उघडत होतं, मग चित्राकडे जात होतं आणि परत पानावर येत होतं.

दुसरं नाव अरविंद गुप्तांचं. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या छोट्या फिती केल्या, मराठीतही केल्या. काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, स्ट्रॉ. फीत संपली की मुलाचे हात शिवशिवतात. ते उठून काडी शोधायला जातं. वर्गात दाखवायच्या कुठल्याही फितीला मी हीच कसोटी लावतो: संपल्यावर मूल उठतं की आणखी एक लावा म्हणतं?

आता आपल्या वर्गात काय करता येईल, ते तपशिलात सांगतो.

फाळक्यांचा प्रयोग आपल्याला फुकट करता येतो. वाटाणा नको, वाल घ्या. रायगडात वाल नाही असं घर नाही. कुंडी खिडकीत ठेवा, जुना मोबाइल एका विटेला टेकवून पक्का करा, विटेची जागा खडूनं आखून ठेवा आणि रोज प्रार्थनेनंतर एक फोटो काढा. पंधरा दिवसांनी ते फोटो सलग पळवून दाखवा. फोटो काढायची पाळी रोज वेगळ्या मुलाची. सुट्टीच्या दिवसाचा फोटो राहिला की चित्रात उडी दिसते. ती का दिसते हे मुलंच शोधून काढतील.

भूगोलात भरती-ओहोटी शिकवताना आपण कॅनडातल्या फंडीच्या उपसागराची फीत लावतो आणि कुंडलिकेचं मुख हाकेच्या अंतरावर असतं. साळावच्या पुलाजवळ एक जागा ठरवा, पाण्याची रेघ टिपा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे मुलांच्या स्वतःच्या चित्रणातून सिद्ध होऊ द्या. वर्गात कोळ्याचं पोर असेल तर त्याच्या आजोबांना बोलवा. उधाण कधी, भांग कधी, हे ते तिथीवरून सांगतील. मग फंडीची फीत दाखवा. आता मुलं ती वेगळ्या डोळ्यांनी पाहतील.

मराठीच्या शिक्षकांसाठी ‘श्यामची आई’ आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट, ज्याला राष्ट्रीय पुरस्कारातलं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि सुजय डहाके यांचा २०२३चा. एकाच पुस्तकावरचे दोन चित्रपट, मध्ये सत्तर वर्षं. पुस्तकातलं प्रकरण आधी वाचून घ्या, मग दोघांनी त्याचं काय केलं ते पाहा. कुणी काय गाळलं? कॅमेरा आईकडे आहे की श्यामकडे? रसग्रहणाचा प्रश्न यापेक्षा चांगला काय असणार?

आणि खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून घडलेली एक भाषा शेकडो वर्षं बोलली जाते. तिथले लोक तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९९६मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्या घरातलं मूल आपल्या वर्गात बसतं तेव्हा ते सहसा गप्प असतं. त्याच्या हातात मोबाइल द्या, आजीची परवानगी घ्यायला सांगा, आजीची गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा आणि वर्गाला मराठीतून समजावायला सांगा. त्या दिवशी वर्गाचं मास्तरपण त्याच्याकडे जाईल.

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, मुलं आधीच मोबाइलला चिकटलेली आहेत, आणखी पडदा कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणूनच शाळेतला पडदा घरातल्यापेक्षा वेगळा हवा. घरी अंगठा वर सरकवला की पुढचं चित्र येतं. थांबणं तिथे कुणी शिकवत नाही. ते शिकवायला शाळेशिवाय दुसरी जागा उरलेली नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा: चित्रपट दाखवला तर परवानगीचं काय? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वाचा. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी आणि पालक असतील तर चित्रपट दाखवणं हा भंग ठरत नाही. तिकीट लावलं, गावाला आमंत्रण दिलं, तर गोष्ट वेगळी.

शासनाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. बालचित्रवाणीनं केलेले सर्व कार्यक्रम कोणत्याही शाळेला डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर ठेवता येतील असे खुले करा. किनाऱ्यावरच्या शाळेला सततचं नेट गृहीत धरू नका. शाळेला टीव्ही देता तेव्हा त्याच्या दुरुस्तीची तरतूदही द्या. लोकवर्गणीतून घेतलेले कितीतरी प्रोजेक्टर एका दिव्यापायी कपाटात पडून आहेत. आणि शिक्षकाच्या मोबाइलवरचा पुराव्याच्या फोटोंचा भार कमी करा. उपक्रम झाला याचा फोटो वरच्या ग्रुपवर टाकण्यात जो तास जातो, तो वर्गातून कापलेला असतो. ज्या कॅमेऱ्यानं मुलांनी जग पाहायचं, त्यानं आपण मुलांनाच पुरावा करून टाकलं आहे.

शेवटी तुमच्याकडे एक मागणी. जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या विषयातला एकच पाठ निवडा. त्यासाठी दहा मिनिटांची एक फीत शोधा, ती आधी स्वतः दोनदा पाहा, आणि ती नेमकी कुठे थांबवायची व तिथे कोणता प्रश्न विचारायचा हे टाचणवहीत लिहून ठेवा. पुढच्या संमेलनात भाषणं कमी करू आणि त्या टाचणवह्या एकमेकांना वाचून दाखवू. रेवदंड्याच्या शिक्षकांनी सुरुवात निकितीनपासून करावी. त्यांचं साहित्य आवारातच उभं आहे.