साइडपट्टीचा मुरूम



बंगळूरच्या या परिषदेत माझ्यासमोर रस्त्यांच्या कामात आयुष्य घातलेली मराठी मंडळी बसली आहेत, म्हणून आधी एका पूर्वसुरीचं नाव घेतो. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर कायद्याचे पंडित. पण १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष झाले आणि तिच्या अहवालातूनच १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पुढे १९४३च्या नागपूर योजनेनं रस्त्यांची प्रतवारी लावली : राष्ट्रीय, राज्य, जिल्हा, ग्रामीण. यातल्या शेवटच्या दोघांविषयी मला बोलायचं आहे.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ६६,४४१ ना राष्ट्रीय महामार्गावर होती, ना राज्य महामार्गावर. यात शहरांतले रस्तेही आले, हे खरं. पण एकूण बळींपैकी दोन तृतीयांशांहून अधिक ग्रामीण भागातले होते.

आपलं लक्ष असतं ब्लॅक स्पॉटवर. राष्ट्रीय महामार्गाच्या पाचशे मीटरांत तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा यादीत येते. ही कसोटी गावच्या रस्त्याला लावून पाहा, हाती काहीच लागणार नाही. तिथं एक जण मोरीवर जातो, दुसरा दोन किलोमीटरवरच्या वळणावर, तिसरा पुढच्या वर्षी शाळेच्या फाट्यावर. विखुरलेलं मरण यादीत बसत नाही, आणि यादीत नाही त्याला निधी नाही.

साइडपट्टीचंच घ्या. थरावर थर चढून डांबराची कड चार-चार बोटं वर येते. बाजूला मात्र मुरूम पडत नाही. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर समोरून एसटी आली की दुचाकीवाल्याला खाली उतरावंच लागतं. चाक कडेवरून घसरतं, तो घाबरून हँडल वर ओढतो आणि थेट एसटीसमोर येतो. पोलिसांच्या कागदावर ‘चालकाची चूक’ लिहिलं जातं. मला ते मान्य नाही. नवं डांबर पडल्यावर वेग वाढणार, हे आपल्याला ठाऊक असतं. तरीही निधी कमी पडला की एस्टिमेटमधून आधी मुरूमच कापला जातो.

गतिरोधकाचंही तेच. अपघात झाला की संतापलेलं गाव रातोरात दगडमातीचा उंचवटा घालतं. रंग नाही, फलक नाही; पुढचा बळी मागं बसलेल्या बाईचा. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलसर गतिरोधकाचं मानक इंडियन रोड्स काँग्रेसनं कधीच घालून दिलं आहे. ते गावात पोचवणं आपलं काम होतं.

इथून मागडी-कनकपुऱ्याकडे सुगीत निघालात, तर डांबरावर नाचणीची कणसं पसरलेली दिसतील. शेतकऱ्याला खळं उरलेलं नाही, म्हणून तो वाहनांकडून मळणी करून घेतो. त्याला दटावून काय होणार? पंचायतीच्या जागेत सिमेंटचं सामायिक खळं बांधून द्या. आपल्याकडे कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्याविना धावतात. रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली काट्यावर घेऊ नका, एवढं कारखान्यांनी ठरवलं तरी पुष्कळ होईल.

२०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे जीव गेला, तर यंत्रणा, सल्लागार व ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम क्षुल्लक आहे. पण अपघाताची जबाबदारी आपल्या नकाशापर्यंत येते, हे कायद्यानं मान्य केलं.

म्हणून अध्यक्षस्थानावरून एक ठराव मांडतो : ज्या एस्टिमेटमध्ये डांबराबरोबर साइडपट्टीचा मुरूम, वळणावरची झुडपं तोडणं आणि मोरीचे कठडे नाहीत, त्यावर या परिषदेचा कोणताही सदस्य सही करणार नाही.