एका वर्षाचं प्रकट वाचन

व्यासपीठावरचे गुरुजन, आणि समोर बसून अजूनही नववी 'ब'सारखीच कुजबुज करणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला, 'निवृत्तीनंतरचं माझं वाचन'. तो मी जरा आखडून घेतला आहे. एकाच वर्षाबद्दल बोलते, 2023 च्या गुढीपाडव्यापासून 2024 च्या पाडव्यापर्यंत. त्या वर्षात माझी साडेचार पुस्तकं झाली. नोकरी आणि घर सांभाळून वर्षाला पंचवीस-तीस पुस्तकं वाचणाऱ्या बाईला साडेचार म्हणजे काहीच नाही. पण ही साडेचार मी मोठ्यानं वाचली. शाळेच्या भाषेत सांगायचं तर प्रकट वाचन.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, 2022 च्या दिवाळीनंतर ह्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हात-पाय हळूहळू हलायला लागले, बोलणं मात्र येईना. डॉक्टरांनी त्याला शब्द सांगितला, 'वाचाघात'. म्हणजे समजतं बरंचसं, बुद्धी शाबूत असते, पण हवा तो शब्द तोंडाशी येत नाही. आमच्या ह्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, 'चहा'. पाणी हवं तरी चहा, पंखा लावायचा तरी चहा, माझ्यावर चिडले तरीही चहाच. छापलेलं वाचायला गेले तर ओळी हलतात असं खुणेनं सांगायचे. चाळीस वर्षं कृषी खात्यात बांधाबांधावर फिरून शेतकऱ्यांशी बोललेला माणूस हो!

वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून एकदा यायची. ती म्हणाली, काकू, यांच्याशी हळू बोला, वाक्यांमध्ये थांबा, आणि रोज काहीतरी वाचून दाखवा. वीस मिनिटांच्या वर नको, थकतील. मला एकदम आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही इथं बसला आहात म्हणून सांगत नाही. 'स्वल्पविरामाला एक, पूर्णविरामाला दोन, आणि शेवटच्या बाकाला ऐकू गेलं पाहिजे' हे तुम्ही पट्टी टेबलावर आपटत शिकवलंत. प्रकट वाचनाचा तास म्हटला की आपल्यातले निम्मे जण पाणी प्यायला जायचे. त्या मुलीनं जे नव्यानं समजावून सांगितलं, ते माझ्या जिभेला आधीच लागलेलं होतं.

सुरुवात मनाच्या श्लोकांनी केली. भक्तीपेक्षा सोय म्हणून. पाठ असलेलं बोलणं, मोजणी, वार, आरत्या हे वाचाघातात पुष्कळदा शिल्लक राहतं, असं तिनं सांगितलं होतं. ओळीतला शेवटचा शब्द मी म्हणायचा नाही, नुसतं थांबायचं. आठ-दहा दिवस काही नाही. मग एका सकाळी मी थांबले आणि पुढचा शब्द ह्यांच्या तोंडून आला. तोही चालीत! नंतर स्वतःचं नाव विचारलं तर पुन्हा चहा. दोनशे पाच श्लोकांपैकी तीसेक श्लोक आमच्या कामाचे निघाले, बाकीचे ह्यांना मुळात पाठच नव्हते.

पाडव्याला दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' काढलं. 1956 चं पुस्तक, माझ्या घरची प्रत दोनदा शिवलेली. चैत्रापासून महिन्यामहिन्यानं जाणारं. ठरवलं, जो महिना चालू तोच वाचायचा, पुढं जायचं नाही. दुर्गाबाईंची वाक्यं ऐकायला सोपी नाहीत. पण झाडं ह्यांच्या ओळखीची. झाडाचं नाव आलं की डावा हात वर व्हायचा, मी थांबायचे, आणि हे खिडकीकडं बोट करायचे. मग व्हीलचेअर ढकलत परसात, नाहीतर रस्त्यापर्यंत. कित्येक दिवस वाचन दोन परिच्छेद आणि फेरफटका अर्धा तास, असं झालं. साठ वर्षं एका गावात राहून तहसील कचेरीमागं पांगारा आहे हे मला त्या वर्षी कळलं.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. पुस्तकात बाराच महिने. तेराव्या महिन्यात काय वाचायचं? (जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं, एवढंच अधिक महिन्याचं आमचं ज्ञान.) नगर वाचनालयातल्या ताईंनी 'बनगरवाडी' हातात ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची, आणि अंगानं बारीक. धनगरांच्या वाडीवर नवा आलेला तरुण मास्तर, त्याची शाळा, तालीम बांधायचा त्याचा ध्यास, आणि मग दुष्काळ. शाळेत असताना मला वाटायचं, ह्यात काही घडतच नाही. मोठ्यानं वाचताना कळलं, एकही वाक्य जास्तीचं नाही. दमेकऱ्यालाही वाचता येईल अशी वाक्यं आहेत. मोठ्यानं वाचायचं मराठी गद्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे पुस्तक देईन.

ह्यांची बरीच नोकरी माण तालुक्यात गेली. तिथली माणसं, मेंढरं, उन्हाळा ह्यांना पाठ. शेवटाकडं वाडी रिकामी व्हायला लागते तिथं मी आले. पाऊस नाही, चारा नाही, माणसं जनावरं घेऊन निघाली आहेत. मी पूर्णविरामाला दोन मोजत होते. तेवढ्यात हे म्हणाले, "छावणी."

पुस्तकात तो शब्द नाही. मी पुन्हा पान पाहिलं. 2012-13 च्या दुष्काळात चारा छावण्या उघडल्या होत्या, तेव्हा हे महिनोन् महिने त्याच कामात होते, रात्री घरी आले की कपड्यांना शेणाचा आणि उसाच्या वाढ्यांचा वास यायचा. मी काही विचारलं नव्हतं, शब्द अर्धवट सोडला नव्हता. नऊ महिन्यांत स्वतःहून, स्वतःच्या मनातला, बरोबर जागी आलेला तो पहिला शब्द. मी पुस्तक मिटलं नाही. मिटलं असतं तर ह्यांना वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकलं. पुढचं वाक्य वाचलं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नसता, एवढं मात्र खरं.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', भाद्रपदापासून जवळजवळ मार्गशीर्षापर्यंत. हे पुस्तक डोळ्यांनी वाचणं म्हणजे अर्धंच वाचणं. बाई ओट्यावर बसून सांगत आहेत असंच ते लिहिलेलं आहे. टिळकांच्या हातात पैसा न टिकण्याचे प्रसंग आले की हे हसायचे, आणि माझ्याकडं बोट दाखवायचे, उलटंच! 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला 1900 मध्ये. मधल्या काळातल्या त्यांच्या ताटातुटीची पानं आम्ही वीस मिनिटांचा नियम मोडून एका बैठकीत वाचली. नवरा जिवंत आहे, प्रेमही आहे, आणि मध्ये ओलांडता न येणारं काहीतरी आहे. त्या दिवशी आम्ही दोघंही फार बोललो नाही. हे तसेही बोलत नव्हतेच, मी बोलले नाही.

इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' अर्ध्यावर ठेवलं. साडेचारातलं अर्धं ते हेच. थोर पुस्तक, पण युक्तिवादाचं. एक कडी निसटली की ऐकणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. ते मी रात्री मूकवाचनाला घेतलं.

शेवटचं, गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणेसाठी उत्तरेत गेला आणि 1857 च्या धुमाळीत सापडला. पुस्तक छापलं गेलं ते पन्नास वर्षांनी, 1907 मध्ये. झाशीच्या कत्तलीची पानं आली तेव्हा मी विचारलं, गाळू का? ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सगळं." तोपर्यंत असे सुटे शब्द येऊ लागले होते. मी वहीत मांडत होते, डावीकडं पान, उजवीकडं शब्द. पाडव्याला मोजले तर 61. त्यात माझं नाव नाही. नातीचं आहे, 'पाचट' आहे, 'मोटार' आहे.

आज हे तिसऱ्या रांगेत कडेला बसले आहेत. जेवणाच्या वेळी तुम्ही भेटाल, म्हणून एक विनंती. एका वेळी एकानंच बोला. कान चांगले आहेत, ओरडू नका. 'ओळखलंत का' असं विचारू नका, आपलं नाव सांगून टाका. आणि ते एखादा शब्द शोधायला लागले की तो तुम्ही पुरवू नका. थांबा. पूर्णविरामाला दोन मोजतो ना, तिथं दहा मोजा.