घरबसल्या कामाची स्पॅनिश

नांदेडांत रात्रीचे साडेआठ वाजतात, घरांत पानें मांडण्याची वेळ होते, आणि त्याच घटकेस मेक्सिको शहरांत सकाळचे नऊ वाजून कचेरी उघडते. अंतर साडेअकरा तासांचें. संगणकाच्या पडद्यावर तिकडील मंडळी जमतात. घरबसल्या त्यांचें काम करणाऱ्या नांदेडच्या तरुणानें अशा वेळीं नमस्कार रात्रीचा करावा कीं सकाळचा? ज्याचें काम त्याचें घड्याळ. म्हणून ‘बुएनोस दीआस’ हेंच म्हणावें.

कामापुरती परभाषा शिकण्याचा प्रसंग मराठवाड्यास नवा नाहीं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व सरकारी कामकाज उर्दूंत चाले. घरीं मराठी बोलणारा कारकून कचेरींत उर्दूंत अर्ज लिहीत असे. शब्द चुकला तरी चालेल, पण अदब चुकतां कामा नये, हें त्या पिढीस पक्कें ठाऊक होतें. स्पॅनिश भाषेंतही तसेंच आहे. तेथें ‘तू’ या शब्दाचा उच्चार व अर्थ दोन्ही आपल्यासारखेच. परंतु वडीलधाऱ्यास किंवा अनोळखी माणसास ‘उस्तेद’ म्हणतात. ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचें हें झिजलेलें रूप. जुन्या माणसांना यावरून ‘हुजूर’ आठवेल. पहिल्या बैठकींत ‘उस्तेद’च बरें, समोरच्यानें सलगी दाखविली तर मग ‘तू’.

उच्चारांत मराठी माणसाची मोठी सोय आहे. स्पॅनिशांतील त आणि द हे आपल्या त-द सारखेच दांतांवरचे. ‘तोदो’ म्हणजे सर्व. इंग्रजी वळणाची जीभ मात्र त्याचें ‘टोडो’ करते! व्याकरणही अगदींच परकें नाहीं. बैठकींत हजर झालेला पुरुष ‘एस्तोय कोनेक्तादो’ म्हणतो, स्त्री ‘कोनेक्तादा’ म्हणते. आपण ‘जोडलेला आहें’, ‘जोडलेली आहें’ म्हणतों तसेंच.

‘मे एस्कुचान?’ म्हणजे माझें बोलणें ऐकूं येतें का? ‘से कोर्ता’ म्हणजे आवाज तुटतो आहे. ‘ऊन मोमेन्तो’ म्हणजे क्षणभर थांबा. इतकें एका संध्याकाळीं पाठ होतें. खरी अडचण पुढें येते. दोन वाक्यें सफाईनें म्हटलीं कीं समोरच्यास वाटतें, याला सर्व येतें. आणि तो भरधाव बोलूं लागतो. येथें शिकाऊ माणूस लाजेनें ‘सी, सी’, म्हणजे होय होय, म्हणत सुटतो. कोणतें काम, कोणत्या दिवशीं, हें कांहींच कळलेलें नसतें, आणि होकार मात्र दिलेला असतो. अशा होकारानें हातचें काम जातें. ‘नो एन्तेन्दी’, मला समजलें नाहीं, हें वाक्य उच्चारास सोपें, पण म्हणावयास सर्वांत जड. त्यालाच ‘पुएदे रेपेतीर, पोर फावोर?’, कृपया पुन्हां सांगाल का, हें जोडलें कीं त्यांत कमीपणा उरत नाहीं.

कळलेल्या शब्दानेंही फसगत होते. मेक्सिकोंत ‘आओरीता’ म्हणजे आत्तांच, किंवा थोड्या वेळानें, किंवा केव्हांतरी. ‘आओरीता पाठवितों’ या शब्दावर विसंबून मध्यरात्रीपर्यंत जागणाऱ्यानें आपलें ‘हा आलोंच’ आठवावें. तेव्हां नम्रपणें ‘आ के ओरा?’, किती वाजतां, असें विचारून वेळ टिपून ठेवावी.

एक शब्द मात्र कोणासही शिकवावा लागत नाहीं. पैसे चुकते करणें याला स्पॅनिशांत ‘पागार’ म्हणतात. पोर्तुगीजांतही तोच शब्द आहे, आणि त्यांच्याच जहाजांतून तो कोंकण किनाऱ्यावर उतरून आपला ‘पगार’ झाला. महिना भरला कीं ‘कुआन्दो पागान?’, पैसे केव्हां देतां, हें वाक्य नांदेडच्या घरांत आजीलाही अर्धें समजतें.