हरवलेले संदर्भ प्रबंधातून परत कसे मिळवावेत
(संशोधक विद्यार्थी व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



संशोधनावर भाषण म्हटले म्हणजे विषयाची निवड कशी करावी, मार्गदर्शक कसा असावा, यांवर बोलण्याचा प्रघात आहे. मी आज त्याहून फार लहान विषय घेतला आहे. परंतु प्रसंग ओढवला म्हणजे हा लहान विषयच माणसाला रडकुंडीस आणतो. चार-पाच वर्षे खपून जमविलेली संदर्भांची नोंदवही संगणकातून एकाएकी नाहीशी झाली, तर काय करावे? पुष्कळजण कपाळाला हात लावून बसतात आणि पहिल्या पुस्तकापासून पुन्हा प्रारंभ करतात. त्याची बहुधा गरज नसते. ती नोंदवही तुमच्या प्रबंधाच्याच पोटात दडलेली असण्याचा संभव पुष्कळ असतो. ती तेथून बाहेर कशी काढावी, हेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

पूर्वीचे संशोधक जाड कागदाची कार्डे करीत. एका पुस्तकास एक कार्ड. त्यावर लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, साल. आता तेच काम संगणकावरील प्रोग्रॅम करतात. एंडनोट विकत घ्यावा लागतो. मेंडेलीचा जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम सप्टेंबर २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. त्याची जागा दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतली आहे. झोटेरो हा अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली सुरू झाला आणि तो विनामूल्य आहे. आपल्या मुलामुलींच्या खिशाचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हे.

ही नोंदवही हरवते कशी? संगणकाची डिस्क बिघडते. दुरुस्ती करणारा ती कोरी करून देतो. लॅपटॉप चोरीस जातो. एंडनोटचा एक प्रकार तर नेहमीचा आहे. त्याची नोंदवही दोन भागांत असते: 'ईएनएल' या अक्षरांनी संपणारी एक फाइल आणि त्याच नावाचे 'डेटा' हे फोल्डर. विद्यार्थी पेन-ड्राइव्हवर पहिली तेवढी घेतो, दुसरे मागे राहते, आणि घरी गेल्यावर नोंदवही उघडत नाही. यात विद्यार्थ्यानेच शरमून जावे असे काही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिचा मुख्य कॅटलॉग वाचकांना पुन्हा पाहावयास मिळण्यास जानेवारी २०२४ उजाडला. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाची ही स्थिती, तर घरच्या लॅपटॉपचे काय घेऊन बसलात!

तेव्हा पहिली गोष्ट अशी की घाबरून जाऊ नका आणि जे शिल्लक आहे त्यावर नवे काही लिहू नका. झोटेरो वापरत असाल, तर त्याच्या फोल्डरात मूळ फाइलीशेजारी 'बॅक' या अक्षरांनी संपणारी एक प्रत प्रोग्रॅम आपण होऊन ठेवीत असतो. झोटेरोवर खाते काढून नोंदी जुळवून घेण्याची सोय कधी चालू केली असेल, तर त्या त्यांच्या सर्व्हरवर सुखरूप असतात. हे दोन्ही उपाय संपले, म्हणजे मग प्रबंधाकडे वळावे.

आता मर्म ऐका. तुम्ही वर्डमध्ये लिहिताना या प्रोग्रॅममार्फत अवतरणाचा निर्देश घालता, तेव्हा पानावर कंसातले नाव व साल एवढेच दिसते. त्या लहानशा कंसाच्या मागे मात्र वर्ड एक गुप्त मजकूर साठवतो. त्यास 'फील्ड' म्हणतात. झोटेरोच्या आणि मेंडेलीच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फील्डमध्ये त्या पुस्तकाची जवळजवळ सगळी नोंद असते: लेखकाचे पूर्ण नाव, ग्रंथनाम, प्रकाशक, स्थळ, साल, नियतकालिकाचा खंड व पाने. ती पाहावयाची असेल, तर वर्डमध्ये 'आल्ट' व 'एफ-नऊ' या कळा एकत्र दाबा. कंसांच्या जागी तो मजकूर उघड होईल. पुन्हा त्याच कळा दाबल्या की पान पूर्ववत. याहून सोपी परीक्षा म्हणजे निर्देशावर माउसने एकदा टिचकी मारणे. तो सगळाच्या सगळा करड्या रंगात उमटला, तर फील्ड जिवंत आहे असे बहुधा समजावे.

ज्यांना आत डोकवावयाची हौस आहे, त्यांच्यासाठी सांगतो. 'डॉक्स' प्रकारची वर्ड फाइल ही खरे म्हणजे एक बांधलेली गाठोडी आहे. तिची एक प्रत करून तिच्या नावाचा शेवट 'झिप' असा बदलला, की ती सोडता येते. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट' ही फाइल असते. मुख्य मजकुरातील निर्देश तीत सापडतात. इतिहासाचे विद्यार्थी तळटीपांत संदर्भ देतात. त्यांनी शेजारची 'फुटनोट्स' ही फाइलही पाहावी. मुख्य फाइलीत काही नाही म्हणून हताश होऊ नये.

हाताने वेचण्याची मात्र आवश्यकता नाही. झोटेरो व मेंडेलीसाठी 'रेफरन्स एक्स्ट्रॅक्टर' नावाचे विनामूल्य साधन इंटरनेटवर आहे. त्यात प्रबंधाची फाइल दिली म्हणजे आतील नोंदी वेचून ते अशा स्वरूपात हाती देते की त्या झोटेरोत परत आयात करता येतात. एंडनोटवाल्यांची सोय तर त्यांच्या प्रोग्रॅममध्येच आहे. एंडनोटने घातलेल्या प्रत्येक निर्देशाबरोबर नोंदीची एक प्रत प्रबंधातून प्रवास करीत असते. तिला 'ट्रॅव्हलिंग लायब्ररी' असे समर्पक नाव आहे. वर्डमधील एंडनोटच्या पट्टीवर ती बाहेर काढण्याची आज्ञा असते. ती देताच नवी नोंदवही तयार होते.

येथे एक व्यवहारी सूचना. केवळ अखेरच्या प्रतीवर थांबू नका. प्रकरणांचे जुने खर्डे, परिसंवादासाठी लिहिलेले निबंध, मार्गदर्शकांना ईमेलने पाठविलेल्या फाइली, या सर्वांतून वेचा. जो संदर्भ अखेरच्या प्रतीतून तुम्ही गाळला, तो दोन वर्षांपूर्वीच्या खर्ड्यात बसलेला असतो. मार्गदर्शकांची ईमेल-पेटी ही अशा वेळी कुबेराचे भांडार ठरते.

हे सर्व फील्ड जिवंत असेल तरच. पुष्कळ विद्यापीठांत प्रबंध पीडीएफ स्वरूपात द्यावा लागतो, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारातही तो त्याच स्वरूपात राहतो. पीडीएफमध्ये ही फील्डे उरत नाहीत. काहीजण प्रबंध सादर करण्यापूर्वी वर्डमधील निर्देशही साध्या मजकुरात बदलून टाकतात. एंडनोट असे करताना नवी प्रत काढतो व मूळ प्रत तशीच ठेवतो. झोटेरो मात्र समोरच्या प्रतीतीलच धागे तोडतो. म्हणून ही आज्ञा नेहमी प्रतीवर द्यावी, मूळ फाइलीवर कधीही देऊ नये.

धागे तुटलेच असतील, तर प्रबंधाच्या शेवटची छापील संदर्भसूची उरते. ज्या लेखांना डीओआय क्रमांक आहे, त्यांचे काम सोपे. झोटेरोच्या जादूच्या कांडीचे चित्र असलेल्या बटनात असे अनेक क्रमांक एकदम घातले, तर नोंदी आपोआप भरल्या जातात. क्रमांक नसेल, तर क्रॉसरेफ या संस्थेच्या संकेतस्थळावर सूचीचा मजकूर देऊन तो शोधता येतो. परंतु डीओआयची पद्धत २००० सालापासूनची आणि आयएसबीएनचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० चे. आपल्या जुन्या उर्दू-मराठी पुस्तकांना हे क्रमांक असणार कोठून? तेथे सूची समोर ठेवून हातानेच नोंद करावी लागते. या कष्टाला पर्याय नाही.

नोंदी परत आल्या म्हणजे काम संपले असे मात्र नव्हे. त्या डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात, आणि आपल्या विषयांत तर विशेषच. हे प्रोग्रॅम पाश्चात्त्य पद्धतीने नावाचे दोन तुकडे करतात, आडनाव आणि पुढचे नाव. मग 'अब्दुल करीम' हे लेखक सूचीत 'करीम, अ.' होऊन बसतात. 'अब्दुल करीम' म्हणजे 'करीमचा बंदा'. त्यातून 'अब्दुल' खुडून काढले, तर ते नावच उरत नाही. झोटेरोत अशा नावासाठी दोन रकान्यांऐवजी एकच रकाना करता येतो. त्याचा उपयोग करावा. सालाचेही तसेच. एका ग्रंथावर हिजरी १३०१, दुसऱ्यावर शके १८०५ आणि तिसऱ्यावर इ. स. १८८३ असे छापलेले असते. तिन्ही जवळजवळ एकाच काळचे; परंतु संगणक त्यांना शतकांच्या अंतराने ठेवतो. ग्रंथावर छापलेले साल आणि त्याचे इसवी सन अशी दोन्ही नोंदवावीत.

आणखी एक खड्डा सांगतो. परत आणलेली नोंद आणि प्रबंधातील जुना निर्देश यांचे नाते आपोआप जुळत नाही. जुने निर्देश आपल्या पोटातील माहितीवर चालत राहतात. पण तेच पुस्तक तुम्ही नव्या नोंदवहीतून पुन्हा घातले, तर झोटेरो त्यास निराळे पुस्तक समजतो आणि सूचीत ते दोनदा येते. यासाठी निर्देश घालण्याच्या चौकटीत प्रबंधात आधीच आलेल्या ग्रंथांची जी वेगळी यादी दिसते, तिच्यातूनच तो उचलावा.

आता या उपायाची मर्यादा. माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकेवर हा प्रसंग आला. घर, शाळा आणि संशोधन अशी तिहेरी कसरत करून त्यांनी मुलींच्या उर्दू शाळांवर प्रबंध लिहिला होता, आणि तो सादर करावयास थोडे दिवस उरले असता डिस्क गेली. मार्गदर्शकांकडच्या खर्ड्यांतून बहुतेक सर्व संदर्भ परत मिळाले आणि प्रबंध वेळेवर सादर झाला. पण जुन्या शाळांची हजेरीपत्रके वाचताना प्रत्येक नोंदीखाली त्यांनी जी टाचणे लिहिली होती, ती गेली ती गेलीच. वाचून बाजूस ठेवलेले, प्रबंधात न आलेले लेखही गेले. कारण फील्डमध्ये ग्रंथाची ओळख साठते. तुमचे टाचण, तुम्ही केलेल्या खुणा, जोडलेली पीडीएफ हे त्यात येत नाही.

बगदादच्या इब्न अन-नदीम याने हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ. स. ९८७ च्या सुमारास, 'अल-फिहरिस्त' ही ग्रंथांची थोर सूची रचली. तीत नोंदलेल्या ग्रंथांपैकी पुष्कळ आज कोठेही उपलब्ध नाहीत; त्यांचे नाव आणि कर्ता तेवढा आपणांस ठाऊक आहे. सूची ग्रंथाची साक्ष देते, ग्रंथ परत आणून देत नाही. प्रबंधातून निघालेल्या नोंदींविषयी हेच लक्षात ठेवावे.

म्हणून शेवटी काही गोष्टी मागून घेतो. नोंदवहीची संपूर्ण प्रत दर महिन्यास निराळ्या पेन-ड्राइव्हवर काढा आणि तो लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता दुसऱ्या घरी ठेवा. एंडनोट असेल, तर दोन्ही भाग एकत्र बांधणारी 'कॉम्प्रेस्ड लायब्ररी' काढा. प्रत्येक प्रकरण पुरे झाले की त्याची धागे न तोडलेली वर्ड प्रत मार्गदर्शकांस आणि स्वतःसही ईमेल करा. टाचणांची वेगळी प्रत ठेवा, कारण तीच परत मिळत नाहीत. आणि संदर्भ घालताना आळस करून कंस हाताने टंकित करू नका. ज्या कंसामागे काही साठवलेलेच नाही, त्यातून पुढे काही निघणार नाही.

आपल्यापैकी कित्येकजण आपल्या घराण्यातले पहिलेच संशोधक आहात. नोकरी सांभाळून, घरच्यांच्या गरजांना कात्री लावून तुम्ही हा इल्म मिळवीत आहात. एका बिघडलेल्या डिस्कपायी कोणाचे एक वर्ष जाऊ नये, एवढ्याचसाठी हा रूक्ष विषय आपल्यापुढे मांडला. ज्यांचा प्रबंध चालू आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एका निर्देशावर टिचकी मारून तो जिवंत आहे की नाही तेवढे पाहावे.